सागरी विदाप्रणालींतील शब्दसंग्रहांची जुळवणी

सागरी विदाप्रणालींतील शब्दसंग्रहांची जुळवणी ही समुद्राविषयीची निरीक्षणे साठवणाऱ्या निरनिराळ्या संस्थांच्या संज्ञायाद्या अर्थाच्या पातळीवर परस्परांशी जोडण्याची प्रक्रिया आहे. विदा म्हणजे डेटा. तापमान, क्षारता, प्राणवायू, लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी आणि सजीवांच्या जाती यांच्या नोंदी सागरी विदेत मोडतात. या नोंदी जहाजे, तरंगते बोये, उपग्रह, बंदरांतील भरतीमापक आणि मासे उतरवण्याची केंद्रे अशा अनेक ठिकाणी होतात. प्रत्येक ठिकाणची नावे, एकके आणि संकेत वेगळे असतात. जुळवणीत कोणत्या दोन संज्ञांचा अर्थ एकच आहे, कोणत्यांचा जवळपास सारखा आहे आणि कोणत्या संज्ञा सारख्या दिसत असूनही भिन्न अर्थाच्या आहेत, हे संगणकाला वाचता येईल अशा रीतीने नोंदवले जाते. प्रत्येक संस्था आपले शब्द कायम ठेवू शकते. अर्थाविषयीचे हे निर्णय केवळ संगणकीय तुलनेने घेता येत नसल्याने ते बहुधा तज्ज्ञांच्या कार्यशाळांत घेतले जातात. अशा कार्यशाळांचे नियोजन हा सागरी विदाव्यवस्थापनाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

गरज

एकाच राशीसाठी वेगवेगळी नावे असणे ही अडचण सहज लक्षात येते. एकाच नावाखाली वेगवेगळ्या राशी नोंदवलेल्या असणे ही अडचण अधिक गंभीर असते, कारण ती आकड्यांकडे पाहून कळत नाही. पुढील उदाहरणांवरून तिचे स्वरूप स्पष्ट होते.

दिशा: हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो त्यावरून सांगतात. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात. खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. समुद्रविज्ञानात प्रवाहाची दिशा मात्र तो जिकडे जातो त्यावरून सांगण्याची रीत आहे. लाटांच्या बाबतीत दोन्ही पद्धती आढळतात. दोन विदासंचांत केवळ ‘दिशा’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते एकत्र करताना १८० अंशांची चूक होऊ शकते. समुद्रात सांडलेले तेल किंवा भरकटलेली नौका कोणत्या बाजूला जाईल याच्या अंदाजात अशी चूक थेट उलटे उत्तर देते.

पाण्याची उंची: मुंबईत पावसाळ्यात ४.५ मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर केले जातात. ही उंची सागरी नकाशांच्या आधारपातळीपासून मोजलेली असते. ती आधारपातळी मुंबईत सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे २.५ मीटर खाली आहे. जमिनीवरील उंची मात्र सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, आणि उपग्रह समुद्रपृष्ठाची उंची पृथ्वीच्या गणिती विवृत्तगोलापासून देतात. तिन्ही ठिकाणी ‘पाण्याची उंची’ हेच शब्द वापरले, तर सखल वस्तीत पाणी शिरेल की नाही या प्रश्नाचे उत्तर कित्येक मीटरने चुकू शकते. मुंबईच्या अपोलो बंदर येथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागरातील सर्वांत दीर्घ नोंदींमध्ये त्यांची गणना होते. त्या आजच्या उपग्रहीय नोंदींशी जोडण्यासाठी संदर्भपातळीची संज्ञा निःसंदिग्ध असावी लागते.

क्षारता: १९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनश्रेणीनुसार क्षारतेला एकक नसते, ती पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढली जाते. समुद्रजलाच्या उष्मागतिकीचे नवे समीकरण आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाने २००९ मध्ये स्वीकारले, आणि त्यानुसार निरपेक्ष क्षारता ग्रॅम प्रतिकिलोग्रॅम या एककात देतात. व्यावहारिक क्षारता ३५ असलेल्या प्रमाण समुद्रजलाची नवी क्षारता ३५.१६५०४ ग्रॅम प्रतिकिलोग्रॅम येते. हा फरक लहान दिसला, तरी खोल समुद्रातील दशकानुदशकांचे बदल याहूनही लहान असतात. म्हणून विदाकेंद्रांनी व्यावहारिक क्षारताच साठवावी आणि निरपेक्ष क्षारता त्यावरून काढावी, अशी शिफारस आहे. दोन्ही राशींना नुसते ‘क्षारता’ म्हटल्यास प्रत्यक्षात न घडलेला बदल घडल्याचे दिसू शकते.

गुणवत्तेचे संकेत: प्रत्येक नोंदीपुढे तिची विश्वासार्हता दाखवणारा आकडा लिहितात. आर्गो या तरंगत्या मापकांच्या कार्यक्रमात ‘२’ म्हणजे ‘बहुधा योग्य’. जागतिक सागरी अभिसरण प्रयोगाच्या पद्धतीत ‘२’ म्हणजे ‘ग्राह्य मापन’. आंतरराष्ट्रीय सागरी विदा आदानप्रदान कार्यक्रमाच्या प्राथमिक श्रेणीत ‘२’ म्हणजे ‘तपासणी झालेली नाही’. या तीन याद्या न जुळवता एकत्र केल्या, तर न तपासलेली विदा तपासलेल्या विदेत मिसळते.

नियंत्रित शब्दसंग्रह आणि ओळखचिन्हे

ज्या यादीत प्रत्येक संज्ञेची व्याख्या निश्चित असते आणि बदल ठरावीक पद्धतीनेच होतात, तिला नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात. अशा संग्रहात प्रत्येक संकल्पनेला एक स्थायी ओळखचिन्ह दिलेले असते. ते बहुधा संकेतस्थळाच्या पत्त्याच्या स्वरूपात असते व तो पत्ता उघडल्यावर व्याख्या वाचता येते. संज्ञेचे नाव सुधारले तरी ओळखचिन्ह बदलत नाही. चुकीची ठरलेली संज्ञा पुसून टाकली जात नाही; ती कालबाह्य म्हणून दाखवून तिच्या जागी कोणती संज्ञा वापरावी हे नोंदवतात. त्यामुळे जुन्या विदेतील संदर्भ तुटत नाहीत.

सागरी क्षेत्रात अनेक शब्दसंग्रह प्रचलित आहेत. हवामान आणि पूर्वानुमान संकेत, म्हणजेच सीएफ संकेत, यांची प्रमाणनामे संगणकीय प्रारूपांच्या आणि जाळीबद्ध विदेसाठी वापरली जातात. ब्रिटिश सागरविज्ञान विदाकेंद्रातर्फे चालवला जाणारा ‘नर्क’ शब्दसंग्रह सर्व्हर मोजलेल्या राशी, उपकरणे, एकके, जहाजे आणि गुणवत्तासंकेत यांच्या याद्या उपलब्ध करून देतो. नासाच्या जागतिक बदल कोशातील विषयशब्द विदासंच शोधण्यासाठी उपयोगी पडतात. सागरी सजीवांच्या शास्त्रीय नावांसाठी ‘वर्म्स’ ही जागतिक नोंदवही आहे, तर सजीवांच्या आढळाच्या नोंदींचे रकाने ‘डार्विन कोअर’ या मानकाने ठरलेले आहेत.

हे संग्रह वेगवेगळ्या कामांसाठी तयार झाल्याने त्यांची सूक्ष्मता सारखी नाही. शोधासाठीच्या यादीत ‘समुद्रपृष्ठाचे तापमान’ ही एक संज्ञा पुरते. सीएफ संकेतांत त्याच ठिकाणी पृष्ठत्वचेचे, त्वचेखालचे आणि दिवसाच्या उष्णतेचा परिणाम वगळलेले पायाभूत तापमान अशा वेगळ्या संज्ञा आहेत. उपग्रहावरील अवरक्त उपकरण पाण्याच्या अत्यंत पातळ वरच्या थराचे तापमान मोजते, तर जहाजाच्या यंत्रकक्षात घेतलेले पाणी काही मीटर खोलीवरचे असते. शांत, कडक उन्हाच्या दुपारी या दोहोंत लक्षणीय फरक पडतो.

इतिहास

सागरी निरीक्षणांत एकसूत्रता आणण्याचे प्रयत्न संगणकयुगाच्या आधीपासून चालू आहेत. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९–१९६५) अनेक देशांच्या ४० हून अधिक जहाजांनी भाग घेतला. सूक्ष्म प्राण्यांचे नमुने तुलनायोग्य असावेत यासाठी या मोहिमेत एक प्रमाणित जाळे ठरवण्यात आले होते. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाने १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी विदा आदानप्रदान कार्यक्रम सुरू केला. त्यातून देशोदेशी राष्ट्रीय सागरी विदाकेंद्रांचे जाळे उभे राहिले.

विदेची देवाणघेवाण संगणकीय संचिकांतून होऊ लागल्यावर शब्दांचा प्रश्न ठळक झाला. सीएफ संकेतांची पहिली आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील सागरी मेटाडेटा परस्परकार्यक्षमता प्रकल्पाने ऑगस्ट २००५ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे खास शब्दसंग्रहांसाठी कार्यशाळा घेतली. मेटाडेटा म्हणजे विदेविषयीची विदा: कोणी, कोठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने मोजले ही माहिती. या कार्यशाळेत विषयतज्ज्ञ आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी प्रचलित शब्दसंग्रहांतील संज्ञा परस्परांशी जोडल्या. पुढील अनेक कार्यशाळांनी हाच नमुना स्वीकारला.

२००९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शब्दसंग्रह व त्यांतील संबंध मांडण्यासाठी ‘स्कॉस’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सागरी सजीवांच्या आढळाची जागतिक माहितीप्रणाली ‘ओबिस’ आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाच्या छत्राखाली आली. २०१२ पासून युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील विदाकेंद्रांनी सागरी विदा परस्परकार्यक्षमता मंचाद्वारे नियमित कार्यशाळा घेतल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२१–२०३० हे सागरविज्ञानाचे दशक जाहीर केल्यानंतर देशोदेशींच्या प्रणाली जोडण्याच्या कामाला अधिक महत्त्व आले.

भारत आणि पश्चिम किनारा

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे असून मुंबई, कोची व विशाखापट्टणम येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. मोहिमांमधून जमा होणारी सागरी विदा जतन करण्याचे काम या संस्थेच्या विदाकेंद्राने दीर्घकाळ केले. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजेच इन्कॉइस, त्सुनामीचा इशारा, लाटांचा अंदाज आणि संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती देते. हिंदी महासागरातील आर्गो मापकांच्या विदेचे प्रादेशिक केंद्रही तेथेच आहे. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभ डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात झाला.

समुद्रापासून दूर असलेल्या पुण्याचाही या कामाशी संबंध आहे. हिंदी महासागरातील जैवविविधतेच्या नोंदींसाठीची ‘इंडोबिस’ ही ओबिसची प्रादेशिक शाखा आरंभी पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने उभी राहिली. पुढे ती कोचीच्या सागरी सजीव संपदा केंद्राकडे गेली. जुन्या मोहिमांच्या अहवालांत आणि वस्तुसंग्रहांच्या याद्यांत विखुरलेली नावे आजच्या मान्य शास्त्रीय नावांशी जोडणे हा अशा प्रणालीच्या कामाचा गाभा असतो. पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या पृथ्वीप्रणाली प्रारूपाची विदा हवामान प्रारूपांच्या तुलनेच्या सहाव्या जागतिक प्रकल्पात समाविष्ट झाली. त्या प्रकल्पात विदा देण्यासाठी प्रत्येक राशीचे नाव, एकक आणि चिन्ह ठरलेल्या यादीप्रमाणेच असावे लागते. म्हणूनच पुण्यात काढलेले समुद्रपृष्ठाचे तापमान इतर देशांतील प्रारूपांच्या निष्कर्षांशेजारी मांडता येते.

जुळवणीचे संबंध

स्कॉस मानकात दोन संग्रहांतील संज्ञा पाच प्रकारच्या संबंधांनी जोडता येतात: तंतोतंत जुळणी, निकट जुळणी, अधिक व्यापक, अधिक संकुचित आणि केवळ संबंधित. तंतोतंत जुळणी साखळीने पुढे नेता येते. पहिली संज्ञा दुसरीशी आणि दुसरी तिसरीशी तंतोतंत जुळत असेल, तर पहिली तिसरीशीही जुळते. निकट जुळणीला हा नियम लागू नाही. म्हणून किरकोळ फरक दुर्लक्षून ‘तंतोतंत’ असे नोंदवल्यास चूक एका संग्रहातून दुसऱ्यात पसरत जाते.

माशांच्या नावांवरून हे संबंध समजून घेता येतात. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट किंवा सरंगा या माशाला राज्यमासा घोषित केले. इंग्रजीत त्याला सिल्व्हर पॉम्फ्रेट म्हणतात. ‘पॉम्फ्रेट’ या व्यापारी गटात ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणजे हलवाही धरला जातो. पण हलवा वेगळ्या कुळातील मासा आहे. त्यामुळे मासळी उतरल्याच्या आकडेवारीतील ‘पॉम्फ्रेट’ ही संज्ञा पापलेटाहून व्यापक ठरते आणि तिला प्राणिशास्त्रातील एकच कूळ जोडता येत नाही. सुरमई आणि गोव्यातील इसवण ही नावे बाजारात एकमेकांच्या जागी वापरली जातात, परंतु त्यांच्याखाली एकाहून अधिक जाती येऊ शकतात. म्हणून एखाद्या जातीच्या शास्त्रीय नावाशी त्यांचा ‘व्यापक’ संबंध नोंदवणे अधिक सुरक्षित असते.

शास्त्रीय नावेही स्थिर नसतात. भारतीय किनाऱ्यावरील पापलेट दीर्घकाळ ‘पॅम्पस अर्जेंटियस’ या नावाने नोंदवले जात असे. जनुकीय अभ्यासानंतर उत्तर हिंदी महासागरातील पापलेटासाठी ‘पॅम्पस कँडिडस’ हे जुने नाव संशोधकांनी पुन्हा पुढे आणले. जुन्या आणि नव्या नोंदी योग्य संबंधाने जोडल्या नाहीत, तर संगणकाला एक जात नाहीशी होऊन दुसरी अवतरल्यासारखी दिसेल. ज्या माशाच्या घटत्या उत्पादनाची चिंता व्यक्त होते, त्याच्या बाबतीत असा भास संवर्धनाच्या निर्णयांवर परिणाम करू शकतो.

कार्यशाळेचे नियोजन

जुळवणीची कार्यशाळा साधारणतः दोन-तीन दिवसांची असते. तिचे यश बऱ्याच अंशी आधीच्या तयारीवर आणि नंतरच्या पाठपुराव्यावर अवलंबून असते. पुढील टप्पे स्पष्ट करण्यासाठी अरबी समुद्रातील विरघळलेल्या प्राणवायूच्या नोंदी एकत्र करण्याचे उदाहरण घेतले आहे. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर अत्यल्प प्राणवायूचा विस्तीर्ण पट्टा आहे. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागातही पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ प्राणवायू घटतो. त्याचा मासेमारीशी थेट संबंध असल्याने जुन्या-नव्या नोंदींची तुलना आवश्यक ठरते.

व्याप्ती: कार्यशाळेसमोर एक निश्चित प्रश्न असावा लागतो. ‘सर्व सागरी संज्ञा जुळवणे’ हे उद्दिष्ट थोड्या दिवसांत साध्य होत नाही. ‘पश्चिम किनाऱ्यावरील प्राणवायूच्या नोंदी एकाच आलेखात मांडता याव्यात’ हे उद्दिष्ट मर्यादित असून त्याची पूर्तता तपासता येते. त्यावरून कोणत्या याद्या आणायच्या हे ठरते: राशींची नावे, एकके, मापनपद्धती, उपकरणे आणि गुणवत्तासंकेत.

सहभागी: मोजमाप करणारे शास्त्रज्ञ, विदाकेंद्राचे व्यवस्थापक, शब्दसंग्रह सांभाळणारे संपादक आणि विदेचा वापर करणारे अशा चारही गटांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या तंत्रज्ञाचे स्थान विशेष महत्त्वाचे असते, कारण रकान्यातील संक्षेपाचा खरा अर्थ बहुधा त्यालाच माहीत असतो. निर्णय संबंधित संस्थेला मान्य व्हावेत यासाठी प्रत्येक संस्थेच्या प्रतिनिधीला तसा अधिकार दिलेला असावा लागतो.

पूर्वतयारी: प्रत्येक संस्था प्रत्यक्ष विदासंचांत वापरलेल्या संज्ञांची यादी व प्रत्येकीचा वापर किती वेळा झाला आहे याची मोजणी आधी पाठवते. छापील नियमावलीतील यादी पुरेशी नसते, कारण व्यवहारात तिच्याबाहेरचे शब्द शिरलेले असतात. संगणकाच्या साहाय्याने संभाव्य जोड्या काढल्या जातात. व्याख्या नसलेल्या संज्ञा वेगळ्या काढून त्यांची माहिती आधीच मागवली जाते. प्राणवायूच्या उदाहरणात जुन्या नोंदी मिलिलिटर प्रतिलिटर, काही मायक्रोमोल प्रतिलिटर, तर आर्गो मापकांच्या नोंदी मायक्रोमोल प्रतिकिलोग्रॅम या एककात आढळतात. १ मिलिलिटर प्रतिलिटर म्हणजे ४४.६६ मायक्रोमोल प्रतिलिटर. प्रतिकिलोग्रॅममध्ये रूपांतर करताना मात्र पाण्याची घनता लागते. घनता १.०२५ किलोग्रॅम प्रतिलिटर धरली, तर हाच आकडा सुमारे ४३.६ होतो. त्यामुळे आकारमानावर आधारित आणि वस्तुमानावर आधारित राशी या दोन वेगळ्या संकल्पना ठरतात आणि त्यांना तंतोतंत जुळणी लावता येत नाही.

प्रत्यक्ष कामकाज: सहभागी लहान गटांत विभागले जातात. एकच यादी दोन गटांना स्वतंत्रपणे देऊन त्यांचे निर्णय नंतर ताडून पाहण्याची पद्धत उपयुक्त ठरते. दोन्ही गटांचे एकमत असलेल्या जोड्या लवकर मंजूर होतात आणि चर्चेचा वेळ मतभेदांसाठी राखला जातो. मतभेद सोडवताना संज्ञेचे घटक सुटे करतात: काय मोजले, कशात मोजले, कोणत्या प्रमाणात व्यक्त केले आणि कोणत्या पद्धतीने. ‘नर्क’ संग्रहातील राशींची नावे अशाच घटकांतून रचलेली असतात. प्राणवायूच्या बाबतीत ‘शून्य’ या नोंदीवरही निर्णय घ्यावा लागतो. पाण्यात प्राणवायू नाही, तो उपकरणाच्या मापनमर्यादेखाली आहे आणि मोजमापच झाले नाही, या तीन स्थिती भिन्न आहेत. जुन्या तक्त्यांत मात्र तिन्हींसाठी एकच आकडा किंवा रिकामी जागा असू शकते.

निर्णयांची नोंद: प्रत्येक जोडीपुढे संबंधाचा प्रकार, त्याचे कारण, निर्णय घेणाऱ्यांची नावे आणि दिनांक लिहिला जातो. कारण न लिहिता केलेली जुळवणी काही वर्षांनी तपासता येत नाही. ज्या संज्ञांवर एकमत झाले नाही, त्यांची स्वतंत्र यादी ठेवतात. असे प्रश्न बहुमताने घाईने निकालात काढण्यापेक्षा खुले ठेवणे विदेच्या दृष्टीने कमी हानिकारक असते.

चाचणी आणि पाठपुरावा: शेवटच्या दिवशी दोन संस्थांचे खरे विदासंच नव्या जुळवणीने एकत्र करून पाहतात. एकाच ठिकाणच्या, एकाच हंगामातील मूल्यांत अनपेक्षित तफावत दिसली, तर जुळवणी पुन्हा तपासली जाते. कार्यशाळेनंतर मंजूर जुळवणी आवृत्तिक्रमांकासह प्रसिद्ध करणे, नव्या संज्ञांचे प्रस्ताव संबंधित शब्दसंग्रहाकडे पाठवणे आणि देखभालीची जबाबदारी एका संस्थेवर सोपवणे ही कामे उरतात. या जबाबदारीची तरतूद आधी केलेली नसेल, तर शब्दसंग्रह बदलत जातात आणि जुळवणी जुनी राहते.

नदीपासून समुद्रापर्यंत

सागरी विदा अनेकदा जमिनीवरील विदेशी जोडावी लागते. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातील इंदुरी, पुढे देहू आणि आळंदी या गावांवरून वाहत जाऊन तुळापूरजवळ भीमेला मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. महाराष्ट्रात धरणांतून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग ‘क्युसेक’ म्हणजे घनफूट प्रतिसेकंद या एककात जाहीर होतो. सागरी प्रारूपांत नदीतून समुद्रात येणारे पाणी घनमीटर प्रतिसेकंद किंवा किलोग्रॅम प्रतिसेकंद या एककांत लागते. १ क्युसेक म्हणजे सुमारे ०.०२८३ घनमीटर प्रतिसेकंद. एककाचे रूपांतर सोपे असले तरी संज्ञेचा फरक उरतोच. धरणाचा विसर्ग, नदीच्या मापनकेंद्रावरील प्रवाह आणि मुखाशी समुद्रात पोहोचणारे पाणी या तीन वेगळ्या राशी आहेत, कारण मधल्या अंतरात पाणी उपसले जाते, मुरते आणि उपनद्यांमुळे वाढतेही. जलसंपदा आणि समुद्रविज्ञान या दोन्ही क्षेत्रांतील तज्ज्ञ एकत्र आल्याखेरीज ही जुळवणी नीट होत नाही.

मराठी संज्ञांचे स्थान

स्कॉस मानकात एकाच संकल्पनेला अनेक भाषांतील नावे जोडता येतात व प्रत्येक नावापुढे भाषेचा संकेत असतो. ओळखचिन्ह संकल्पनेचे असल्याने भाषा बदलली तरी विदेचा अर्थ बदलत नाही. मराठीत सागरी परिभाषा पूर्वीपासून आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास येणारी उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारासची भांगाची भरती, खारे व मतलई वारे हे शब्द शालेय पाठ्यपुस्तकांत तसेच कोकणातील व्यवहारात रूढ आहेत. उधाण आणि भांग यांची सांगड शास्त्रीय संज्ञांशी थेट घालता येते. मात्र बोलीभाषेत ‘उधाण’ हा शब्द खवळलेल्या समुद्रासाठीही वापरतात. त्या अर्थी तो भरतीच्या संज्ञेशी जोडणे चुकीचे ठरते. मासेमारांना समुद्राच्या स्थितीचे इशारे त्यांच्या भाषेत देताना हा भेद महत्त्वाचा असतो. उंच लाटांचा इशारा आणि मोठ्या भरतीचा इशारा यांवर करायची कृती वेगवेगळी असते. त्यामुळे स्थानिक भाषेतील नावे ठरवणाऱ्या कार्यशाळेत किनाऱ्यावरील मासेमारांचा सहभाग उपयुक्त ठरतो.

मर्यादा

जुळवणीमुळे निकृष्ट मोजमाप सुधारत नाही. मोजताना पद्धत लिहूनच ठेवली नसेल, तर कोणत्याही कार्यशाळेला ती नंतर निश्चित करता येत नाही. अशा विदेला व्यापक संज्ञा लावून तिचा वापर मर्यादित ठेवावा लागतो. संग्रहांची संख्या वाढली, की दोन-दोन संग्रहांमधील जोड्यांची संख्या त्याहून वेगाने वाढते. दहा संग्रह परस्परांशी थेट जोडायचे असतील, तर ४५ स्वतंत्र जुळवण्या लागतात. एक मध्यवर्ती संग्रह निवडल्यास हे काम नऊ जुळवण्यांवर येते. परंतु त्या संग्रहात नसलेले सूक्ष्म भेद वाटेत गळून पडण्याचा धोका असतो. संज्ञा सुचवण्याचे काम संगणक वेगाने करू शकतो. दोन संज्ञांच्या मागील मापनपद्धती एकच आहेत का, याचा निर्णय मात्र ती पद्धत जाणणाऱ्यांनाच घ्यावा लागतो. ज्येष्ठ तंत्रज्ञ निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्या नोंदवह्यांतील संक्षेपांचे अर्थ लिहून घेणे हेही म्हणूनच जुळवणीच्या कामात धरले जाते.